बैलाचं मनगट, माशाचा दंड

बैलाच्या पुढच्या पायात मध्यावर जो सांधा दिसतो, त्याला आपण गुडघा म्हणतो. खरं तर ते बैलाचं मनगट आहे. त्याचं कोपर वर छातीला लागून असतं, आणि मनगटाखाली खुराकडे जी सरळ नळी उतरते तो त्याचा तळहात. दुभंगलेला खूर म्हणजे दोन बोटांची टोकं, आपलं मधलं बोट आणि अनामिका. खुराच्या मागे थोडं वर ज्या दोन बारक्या खुऱ्या असतात, त्या आणखी दोन बोटांच्या खुणा. अंगठा तेवढा गेला. नांगराला जुंपलेला बैल जन्मभर दोन बोटांच्या नखांवर चालत असतो.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी, खांदेमळणीला बैल धुऊन उभे असतात तेव्हा मी वर्गातल्या मुलांना हे दाखवतो. शिंगांना रंग लागायचा असतो, बैल शांत असतो, आणि मालक शेजारी असला की तो अंगाला हात लावू देतो. खांद्यापासून हात खाली न्यायचा. आधी एक हाड, त्याखाली दोन, मग बारक्या हाडांचा झुबका, मग बोटं. लगेच तोच हात स्वतःच्या दंडावरून मनगटापर्यंत न्यायचा. एक, दोन, झुबका, बोटं. दरवर्षी एखादं तरी पोर इथे गप्प होतं आणि पुन्हा बैलाकडे बघतं.

हाडांची ही मांडणी बैलाच्या आणि माणसाच्या फार आधीची आहे. तिचा पाया माशांमध्ये घातला गेला, ३८ कोटी वर्षांहून आधी. मांसल पर असलेल्या माशांचं एक घराणं तेव्हा होतं. त्यातल्या युस्थेनोप्टेरॉन नावाच्या माशाचे जीवाश्म कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात सापडले. त्याचा पर बाहेरून परच दिसतो, पण आत खांद्याला जोडलेलं एक जाड हाड आणि त्यापुढे दोन हाडं आहेत. दंड आणि कोपराखालचा हात.

माझं म्हणणं असं की दहावी संपायच्या आत ही गोष्ट प्रत्येक मुलाच्या कानावर आणि हाताखाली गेली पाहिजे, आणि तिची सुरुवात माकडापासून न करता माशाच्या परापासून केली पाहिजे.

हे आत्ताच का लिहितोय तेही सांगतो. जानेवारी २०१८ मध्ये आपल्याच औरंगाबादेत, आताच्या छत्रपती संभाजीनगरात, एका वैदिक संमेलनासाठी तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह आले होते. डार्विनचा सिद्धांत शास्त्रीयदृष्ट्या चूक आहे, माकडाचा माणूस होताना पाहिल्याचं आपल्या पूर्वजांपैकी कोणी लिहून वा सांगून ठेवलेलं नाही, आणि शाळा-कॉलेजातला अभ्यासक्रम बदलला पाहिजे, असं ते म्हणाले. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र निवेदन काढून ते खोडलं. खात्याचे वरिष्ठ मंत्री प्रकाश जावडेकर यांनी अशी विधानं टाळायला सांगितलं. पुढे २०२३ साली एनसीईआरटीच्या, म्हणजे सीबीएसई शाळांत चालणाऱ्या, दहावीच्या पुस्तकातल्या ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या धड्यातून उत्क्रांती गेली, नुसती आनुवंशिकता उरली. १८०० हून अधिक शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी निषेधाच्या पत्रावर सह्या केल्या. एका घटनेमुळे दुसरी घडली असं मी म्हणत नाही. दुसरीचं कारण वेगळं दिलं गेलं: कोविडनंतर मुलांवरचा भार कमी करायचा होता, आणि हा भाग बारावीच्या जीवशास्त्रात आहेच.

आपल्या राज्याच्या पुस्तकात हा धडा आहे. बालभारतीच्या दहावीच्या विज्ञान भाग २ मधला तो पहिलाच पाठ. पण राज्यातल्या शाळांत सीबीएसईच्या धर्तीवरचा अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने आणायचं सरकारने २०२५ साली जाहीर केलं आहे, आणि पहिलीपासून सुरू झालेला तो बदल कधीतरी दहावीपर्यंत पोचणार. तेव्हा दिल्लीच्या पुस्तकात नाही म्हणून आपल्यातूनही काढू, असं कोणालातरी वाटेल. म्हणून आत्ता बोलायला हवं.

भार खरा आहे, हे मी मान्य करतो. वर्गात उभा राहणारा कोणीही मान्य करील. पण ‘बारावीत आहेच’ हे उत्तर मराठवाड्यात टिकत नाही. आमच्याकडची किती मुलं बारावीला जीवशास्त्र घेतात? दिवाळी आली की बीड-धारूरकडची कुटुंबं कोयता घेऊन कारखान्यांच्या दिशेने निघतात आणि मुलांची शाळा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून जाते. जी मुलं टिकतात त्यातली बरीच दहावीनंतर आयटीआयला, कला शाखेला, भरतीच्या तयारीला, किंवा मुलगी असेल तर लग्नाला जातात. त्यांच्यासाठी विज्ञानाचं शेवटचं पुस्तक दहावीचंच. जी जीवशास्त्र घेतात ती लातूरच्या शिकवण्यांमध्ये जातात आणि ‘समजात अवयव’ (बाहेरून वेगळे, आतून एकाच मांडणीचे) या चार पर्यायांच्या प्रश्नाला अचूक खूण करून येतात. मी त्यांच्या मेहनतीला कमी लेखत नाही. पण स्वतःच्या कोपराखाली दोन हाडं आहेत आणि तळहात पालथा केला की एक हाड दुसऱ्यावरून फिरतं, हे चाचपून पाहायला त्यांना कोणी दोन मिनिटं दिलेली नसतात.

आता माकडाचं. उत्क्रांती म्हटलं की फळ्यावर माकडापासून माणसापर्यंतची रांग निघते, आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: मग आत्ताची माकडं माणूस का होत नाहीत? त्याचं उत्तर देता येतं. आपण आत्ताच्या माकडांची संतती नाही, आपले आणि त्यांचे पूर्वज एक होते, आणि रांग हे चित्रच चूक आहे, फांद्या म्हणायला हवं. पण तोवर वर्गात हशा झालेला असतो, कोणाच्या तरी रंगावरून, कोणाच्या तरी चेहऱ्यावरून. तो हशा कोणाच्या वाट्याला येतो, हे इथल्या शिक्षकाला सांगावं लागत नाही. मी पहिली काही वर्षं असंच शिकवलं आणि त्याचं मला वाईट वाटतं. मासा आणला की कोणी कोणाकडे बोट दाखवत नाही. सगळेच सारखे लांबचे नातेवाईक होतात, आणि पुराव्याकडे लक्ष जातं.

‘कोणी पाहिलं?’ हा प्रश्न मंत्र्यांनी विचारला म्हणून वाईट ठरत नाही. माझ्या सातवीच्या वर्गातही तो येतो आणि तो चांगला प्रश्न आहे. त्याला मिळालेलं सर्वांत सुंदर उत्तर म्हणजे टिक्टालिक नावाचा जीवाश्म मासा, असं मला वाटतं.

विसाव्या शतकाच्या शेवटी परिस्थिती अशी होती. एका बाजूला ३८ कोटी वर्षांच्या आसपासचे मासे माहीत होते: युस्थेनोप्टेरॉन, आणि लाटव्हियात सापडलेला, डोकं थोडं चपटं झालेला पँडेरिक्थिस. दुसऱ्या बाजूला साधारण साडेछत्तीस कोटी वर्षांपूर्वीचे, बोटं असलेले चतुष्पाद माहीत होते. मधला काळ जवळजवळ रिकामा होता. नील शुबिन, टेड डेश्लर आणि फॅरिश जेंकिन्स या जीवाश्मतज्ज्ञांनी विचार असा केला: मधला प्राणी असेल तर तो मधल्या वयाच्या खडकात असेल. तो खडक उथळ, वाहत्या पाण्याच्या गाळाचा हवा. आणि तो उघडा पडलेला हवा, वर माती, झाडी, शहर नको. असा खडक त्यांना कॅनडाच्या अगदी उत्तरेला, एल्समिअर बेटावर दिसला. १९९९ पासून ते तिथे जात राहिले. उन्हाळ्याचे थोडे आठवडे, थंडी, हात हलवत परत येणं. २००४ च्या चौथ्या मोहिमेत एका खडकातून एक चपटं तोंड बाहेर डोकावताना दिसलं. २००६ साली शोधनिबंध आला. तिथल्या इन्युइट ज्येष्ठांनी नाव सुचवलं, टिक्टालिक, त्यांच्या भाषेत गोड्या पाण्यातला मोठा मासा.

वय सुमारे साडेसदतीस कोटी वर्षं. अंगावर खवले, कल्ले होते, पराच्या कडेला काड्याही होत्या, म्हणजे मासाच. पण डोकं मगरीसारखं चपटं, डोळे वरच्या बाजूला, आणि मान होती. माशाला मान नसते. रोहूचं डोकं वळवून बघा, सगळं अंग वळतं. टिक्टालिकला खांद्यापासून सुटं झालेलं डोकं वळवता येत होतं. बरगड्या भक्कम होत्या. परात दंड, कोपर, आणि मनगटासारखी लहान हाडं, ज्यांवर उथळ पाण्यात अंग उचलून धरता येईल. माकडाचा माणूस होताना कोणी पाहिला नाही हे खरं, पण इथे माणसांनी आधी सांगितलं की अमुक वयाच्या अमुक खडकात अमुक प्रकारचा प्राणी मिळायला हवा, आणि मग जाऊन तो काढला. शेतात विहिरीची जागा दाखवणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. पाणी किती खोल लागेल, खडक कोणता लागेल, हे आधी लिहून देऊन तसंच निघालं तर आपण त्या माणसाला मानू. इथे तसं झालं आहे.

आणि एक कबुली द्यायची आहे, कारण ती या विषयाच्या गाभ्याची आहे. हात-पाय का आले, याची एक जुनी गोष्ट मला फार आवडायची. विसाव्या शतकात ती बराच काळ पुस्तकांत होती. दुष्काळ पडायचा, डबकी आटायची, आणि मांसल पराचे मासे एका डबक्यातून सरपटत दुसऱ्या डबक्याकडे जायचे. ज्यांचे पर मजबूत ते वाचायचे, असे पराचे पाय झाले. मराठवाड्यातल्या माणसाला ही गोष्ट न पटेल तरच नवल. १९७२ च्या आठवणी ऐकत वाढलेलो, २०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी आलेलं पाहिलेले आम्ही. दुष्काळाने पाय दिले, पाय मिळाले ते पाण्यासाठी! मी वर्गात ही गोष्ट रंगवून सांगायचो आणि मुलं डोळे मोठे करून ऐकायची.

ती टिकली नाही. १९८७ साली जीवाश्मतज्ज्ञ जेनी क्लॅक यांच्या तुकडीने ग्रीनलँडमधून अकँथोस्टेगा या जुन्या चतुष्पादाचे जीवाश्म आणले. त्याला पाय होते, बोटं होती, आणि एका हाताला बोटं आठ होती. पण आत कल्ले होते, शेपटी पाण्यात मारायची होती, आणि मनगट-घोटा इतका कच्चा की जमिनीवर अंगाचं ओझं पेलवलं नसतं. म्हणजे पाय आणि बोटं आधी पाण्यातच आली, वनस्पती आणि फांद्यांनी भरलेल्या उथळ पाण्यात रेटा द्यायला उपयोगी पडणारी. जमिनीवर चालणं नंतरचं. पाच बोटं तर त्याहून नंतरची. मला माझी आवडती गोष्ट सोडावी लागली. आता मी मुलांना आधी ती जुनी गोष्ट सांगतो, मग अकँथोस्टेगाचं चित्र काढतो आणि विचारतो, जमतंय का? मुलंच म्हणतात, नाही जमत सर. हे त्यांच्या तोंडून येणं मला परीक्षेतल्या शंभर टक्के निकालापेक्षा मोलाचं वाटतं. आपल्या भागाला, आपल्या दुःखाला जवळची वाटणारी गोष्टसुद्धा हाडं नाही म्हणाली तर सोडायची, हे दुसऱ्या कोणत्या धड्यात इतकं स्वच्छ शिकता येतं?

टिक्टालिकबाबतही असंच. २०१० साली पोलंडमधल्या झाखेवमिए इथल्या खाणीतल्या पाऊलखुणांची माहिती आली. त्या सुमारे ३९ कोटी वर्षांपूर्वीच्या, म्हणजे टिक्टालिकपेक्षा जुन्या, आणि चार पायांच्या प्राण्याच्या असाव्यात असं त्या संशोधकांचं म्हणणं आहे. त्यावर वाद आहे. ते बरोबर असतील तर टिक्टालिक आपला थेट आजोबा नव्हे. जुन्या बांध्याचा, मागे राहिलेला चुलत आजोबा. उत्क्रांतीला विरोध करणारे हे सांगून टाळी घेतात. पण चुलत आजोबाच्या चेहऱ्यावरूनही घराण्याचा नाकाचा ठसा कळतो. २०२० साली क्वेबेकच्याच एल्पिस्टोस्टेगे या माशाच्या पूर्ण सांगाड्याची माहिती प्रसिद्ध झाली, दीड मीटरहून लांब, आणि त्याच्या पराच्या आत बोटांसारख्या हाडांच्या ओळी निघाल्या. तारखा पुढे-मागे होतील. परात हात दडलेला होता, हे दर नव्या सांगाड्यागणिक पक्कं होत चाललंय.

आमच्या वर्गात नाथसागरावर मासेमारी करणाऱ्या भोई घरातला एक मुलगा होता. त्याने विचारलं, सर, मरळ पाण्याबाहेर कितीतरी वेळ जगते, चिखलात राहते, मग तिला हात का नाहीत? मी दुसऱ्या दिवशी उत्तर देतो म्हणालो, आणि तोच दुसऱ्या दिवशी मरळ घेऊन आला. आम्ही तिचा पर ताणून पाहिला. आत नुसत्या काड्या, त्यांवर पडदा, हातपंख्यासारखा. मांस नाही, दंडाचं हाड नाही. रोहू, कटला, मरळ, वाम, आपण खातो ते जवळजवळ सगळे मासे या काडीच्या पराच्या घराण्यातले. त्यांची आणि मांसल पराच्या माशांची वाट ४० कोटी वर्षांहून आधी फुटली. मरळीने हवा घ्यायला डोक्यात स्वतःची वेगळी सोय केली, पण तिच्या पराला हाताची वाट मिळाली नाही. म्हणजे गरज असली की अवयव उगवतो, असं नसतं. हाताशी जे आहे त्यातूनच काही घडतं. त्या मुलाचा प्रश्न पाठ्यपुस्तकातल्या कुठल्याही स्वाध्यायापेक्षा चांगला होता. धडा काढला तर तो प्रश्न विचारायची जागाच राहत नाही.

कोणी म्हणेल, कॅनडा, ग्रीनलँड, पोलंड. आमच्या मातीत काय आहे? मराठवाडा बहुतेक सगळा काळ्या दगडावर, लाव्हाच्या थरांवर बसलाय. ते साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे. त्यात जुना मासा मिळायचा नाही. मुलांना मी रेल्वेने सांगतो. नांदेड स्टेशन म्हणजे आज, आणि दर किलोमीटरला १० लाख वर्षं मागे जायचं. आपल्या प्रजातीच्या माणसाचा सगळा इतिहास, सुमारे ३ लाख वर्षं, तीनशे मीटरमध्ये संपतो. गाडीने अजून नीट वेगही घेतलेला नसतो. परभणी मागे पडल्यावर थोड्याच वेळात आपल्या काळ्या दगडाचा लाव्हा वाहतोय. पूर्ण मराठवाडा ओलांडून मनमाड गेलं, की त्यापुढे थोड्या अंतरावर टिक्टालिक.

पण याच रुळावर जालना सोडल्यावर, संभाजीनगर यायच्या आधी, एक थांबा आपला आहे. गोदावरी नांदेड जिल्हा ओलांडून तेलंगणात जाते आणि पुढे तिला प्राणहिता मिळते. त्या खोऱ्यात, मालेरी गावाच्या परिसरात, सुमारे २२ कोटी वर्षांपूर्वीच्या लाल मातीच्या खडकांतून सेराटोडस या फुप्फुसमाशाचे दात निघाले. भूशास्त्रज्ञ थॉमस ओल्डहॅम यांनी १८५९ साली त्यांचं वर्णन छापलं. फुप्फुसमासा मांसल पराच्याच घराण्यातला, आणि आज जिवंत असलेल्या माशांमध्ये आपल्याला सर्वांत जवळचा. बालभारतीच्या पाठात ‘जोडणारे दुवे’ म्हणून त्याचं नाव आहे, पण त्याचे दात गोदावरीच्या खोऱ्यात मिळाले, तेही आपण आणि मालेरी एकाच हैदराबाद संस्थानात असताना, हे मुलांना कोणी सांगत नाही. त्यातल्या एका जातीला हिस्लोपियानस नाव आहे, नागपूरचे पाद्री स्टीफन हिस्लोप यांच्यावरून. धर्मप्रचाराला आलेला तो माणूस जीवाश्मही वेचत होता. आणि अगदी अलीकडचं, हजारो वर्षांच्या हिशेबातलं बघायचं तर लातूर जिल्ह्यात मांजरेच्या गाळातून हत्तीची आणि पाणघोड्याची हाडं निघाली आहेत. मांजरेत पाणघोडा! आज त्या पात्रात वाळूच्या गाड्या उभ्या असतात.

श्रद्धेचं म्हणाल तर मला त्यात भांडण दिसत नाही. वेरूळच्या १५ व्या लेण्याला दशावतार म्हणतात. मत्स्य, कूर्म, वराह अशी ओळ आहे म्हणून उत्क्रांती आपल्याला आधीच ठाऊक होती, असं पालक मला कौतुकाने सांगतात. मी त्यांना नमस्कार करून सांगतो की अवतारांच्या कथेत प्रत्येक रूप काही हेतूने येतं. हाडांच्या गोष्टीत हेतू सापडत नाही, मासा हात मिळवायला निघालेला नव्हता. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी राहू द्या, एकीला दुसरीचं प्रमाणपत्र लावू नका. पण प्राण्याशी नातं सांगितलं की माणसाचा अपमान होतो, हे मात्र मी पैठणच्या परिसरात ऐकून घेणार नाही. इथेच ज्ञानदेवांनी रेड्याच्या तोंडून वेद वदवले अशी आख्यायिका आहे, आणि इथल्याच नाथांनी रामेश्वराला नेत असलेलं काशीचं गंगाजल तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजलं, असं आपण कीर्तनात ऐकत आलोय.

तेव्हा मागणी अशी. राज्याचा नवा अभ्यासक्रम जो कोणी लिहील त्याने उत्क्रांती दहावीत ठेवावी, आणि तिचा पहिला घास सहावी-सातवीत, बैल, मरळ आणि स्वतःचा हात घेऊन द्यावा. भार कमी करायचा असेल तर शास्त्रज्ञांच्या जन्मसालांची घोकंपट्टी काढा, व्याख्या काढा. मराठवाड्यातल्या विद्यापीठांनी गोदावरी-मांजरेच्या जीवाश्मांच्या प्रतिकृती शाळांपर्यंत आणाव्यात. एका पेटीत मावतील एवढ्याच.

तोवर थांबायचं कारण नाही. आम्ही शाळेत पेटी केली. खाटकाकडून बोकडाचा पुढचा अख्खा पाय आणला, धुण्याच्या सोड्यात उकळला, हाडं घासून उन्हात वाळवली आणि तारेने ओवली. दंडाचं हाड एक, बरोबर. मनगटाची बारकी हाडं सहा निघाली, आपली आठ असतात; त्यावरून मुलांत बराच वेळ हुज्जत झाली, एक हरवलं असेल म्हणून चाळणीही पुन्हा पाहिली. पण कोपराखाली दोन हाडं हवीत तिथे एकच जाड हाड होतं. मी काही बोललो नाही. आठवीतली एक मुलगी ते हाड खिडकीपाशी घेऊन गेली, उजेडात फिरवत राहिली, मग नख लावून म्हणाली, सर, इथे फट आहे. दोनच आहेत, चिकटलीत.